वारा धरणारं कातडं

आज्यानं मोटा शिवल्या, अप्पानं पखाली.
मोटेच्या पाण्याला कुणी जात विचारली नाही,
ऊस गप पीत राहिला;
लोट्यातल्या पाण्याला विचारली.
मग मोटाही गेल्या, पखालीही.
उरली रापी, आरी, दोन दाभण
आणि अंगणात पुरलेला रांजण,
बाभळीच्या सालीचं लाल पाणी धरून.

त्या साली बँडातला हवालदार, यल्लाप्पा कोणगुंडे,
सायकलच्या हँडलला गोणपाट लटकवून आमच्या बोळात शिरला.
सोडलं तर आत पाच पायांचं मेलेलं कोकरू,
अंगात चौकड्यांचा झगा.
पोरं हसली.
"मल्लेशी, पिशवी उसवलीय. सरकारी माल आहे.
तुला वारा धरता येईल का, बे?"

अप्पानं उसवलेली शिवण नाकाशी धरली, हुंगली.
म्हणाला, "पाणी धरायला कातडं शहाणं लागतं.
वारा धरायला हट्टी.
बघतो की."

विजापूर वेशीतून बोकडाचं कातडं आणलं,
पोटावर चीर न देता काढलेलं,
ओला सदरा उलटा ओढावा तसं.
चुन्यात तीन दिवस, मग केस खरवडणं,
मग रांजणात. आठव्या दिवशी नवी साल.
पंधराव्या दिवशी अप्पा त्यावर उभा राहून
एरंडेल तुडवत होता,
एका हातानं दाराची चौकट धरून, मधे मधे थांबत.
दोरा मात्र चादरीच्या कारखान्यातला, टाकाऊ सुताचा,
मेण-राळेत घोळलेला.
शिवण दुहेरी. आत गुळाचा पाक ओतून
मांडीवर मळायची पिशवी, तापल्या लेकरागत,
टाक्यांची भोकं गोड होऊन बुजेस्तोवर.

आणि मग मला हाक.
अप्पाच्या छातीचा भाता कधीच फाटलेला,
सालीच्या भुकटीनं.
मी सहावीत होते, दम भरपूर होता.
"फुंक."
मी फुंकायची, तो पिशवी घमेल्यातल्या पाण्यात दाबायचा,
बुडबुडा निघाला की तिथं खडूची खूण.
"आणखी." डोळ्यांपुढं काजवे.
"आणखी."
शाळेत माझ्या तोंडाला गुळाचा वास यायचा,
आणि गुळाखालून दुसरा.
बाकावरची कलावती आधी जरा सरकली,
मग उठूनच गेली.

नळ्यांना जिभा हव्यात.
हवालदार म्हणाला, विलायती बोरू लागतो.
अप्पा हिपरग्याच्या तळ्यावर गेला,
गुडघाभर चिखलातून देवनळ घेऊन आला.
पंधरा जिभा चिरल्या.
सोळावी बोलली,
व्यायला टेकलेल्या म्हशीसारखी.
शेजारची गंगव्वा लाटणं घेऊनच बाहेर आली.
अप्पा मात्र हसला, त्या महिन्यात पहिल्यांदा,
आणि जिभेवर मेणाचा कणभर ठिपका ठेवून
म्हशीला हळूहळू माणसात आणलं.

हवालदारानं आमच्या ओट्यावर बसून तोंड लावलं
आणि वाजवली.
त्याच ओट्यावर चहाची कपबशी
भरलेलीच राहिली.
बिल मंजूर व्हायला अकरा महिने लागले.

पुढच्या परेडला आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर उभे.
धूळ, पांढरे मोजे, पितळी बिल्ले,
आणि मधोमध आमचा बोकड, चौकड्यांच्या झग्यात,
सरकारी इतमामानं चाललेला.
लोक टाळ्या वाजवत होते. मीही.
अप्पानं माझा हात धरून थांबवला.
मान तिरकी करून ऐकत राहिला.
"डाव्या काखेत. शिवणीच्या शेवटाला. गळतंय."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
म्हटलं, एवढ्या गर्दीत कुणाला कळतंय?

"त्याला कळतंय की.
गाल बघ त्याचे."

परत येताना सायकलवर मी मागं बसलेले.
अप्पा एका हातानं हँडल धरून होता.
दुसरा हात खिशात,
मेणाचा गोळा मळत.